खडूचा ट्रेलर

भांडुपच्या आमच्या पार्किंगमध्ये, बी-सात वर,
शुभदानं खडूनं ट्रेलर आखला.
चौदा फूट बाय साडेसहा, टेप लावून.
दोन बर्थ, ओटा, घागरीएवढी मोरी.
दार डावीकडे.

तापोळ्याच्या पुढे, जलाशयाच्या कडेकडेनं,
पंप नाही, रेंज नाही.
घाटातल्या वळणावर मागचं चाक कठड्याला लागेल का,
हे मी काडेपेटीला काडेपेटी बांधून
नकाशावर ओढून बघतो.
पाणी ऐंशी लिटर. दोघं, चार दिवस.
"भांडी काठावर घासू."
"मग साबण नाही हं. राख."

रात्री घडीच्या खुर्च्या टाकून रेषांच्या आत बसलो.
तळं कुठल्या बाजूला, यावरून भांडण.
तिला ते ओट्याच्या खिडकीत हवं,
मला उशाशी.

सेक्रेटरी खोपकर आले,
एनओसीचं बोलायला.
चपला बाहेर काढल्या,
आणि भिंतीला वळसा घालून
दारातून आत शिरले, जरासे वाकून.

"छत खालीच आहे थोडं," शुभदा म्हणाली.

ते मीटरबॉक्सकडे बघत राहिले,
तिचं तळं होतं तिकडे.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"मासे लागतात का हो गळाला?"