पंचवीस अंश

देवपुजारी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला
तेव्हा दातांची खुर्ची अमरावतीला गेली,
एक्स-रेचं मशीन भंगारात,
आणि बाकांसमोरची काचेची पेटी माझ्या गळ्यात.
"तिचा चिलर तूच दुरुस्त करायचास, नंदनवार.
आता तूच सांभाळ."

मी कूलरवाला. मानेवाड्यात टपरीएवढं दुकान.
वाळा ठोकतो, मोटारी गुंडाळतो.
समुद्र एकदाच पाहिला,
तोही बसच्या खिडकीतून, उलटी होत असताना.

पेटीत तो.
पंजाएवढा, बिस्किटाच्या रंगाचा,
पाठीवर काळे टोकदार दाणे.
डोकं नाही, पाठपोट पटकन कळत नाही,
मासा तर नाहीच, तरी नाव तारामासा.

धंतोलीहून घरी यायला वीस मिनिटं लागली,
बादलीतून पेटीत जायला त्याला पाच तास.
सलाईनच्या नळीला गाठ मारून
सेकंदाला एक थेंब,
नवं पाणी जुन्यात मुरवत.
घाई केली की आतून विरघळतो म्हणे.
सुगंधा भाकरी थापता थापता म्हणाली,
"मी या घरात आली तवा
मले कोणी पाच तास देल्ले नाही."
मी नळी धरून बसलो.

मग मे लागला.
सत्तेचाळीस अंशात पेटीतलं पाणी बोटबोट खाली जायचं
आणि मी वेडा, वरून खारं पाणी ओतायचो.
आठ दिवसांत तो कोपऱ्यात आखडला.
तेव्हा उमगलं:
पाणी उडतं, मीठ उडत नाही.
जे उडालं तेवढंच परत द्यायचं, गोडं,
आरओचं, थोडंथोडं, सकाळ-संध्याकाळ.
आरओतून वाया जातं ते कूलरला.

शेजारचा हेडाऊ येऊन उकिडवा बसतो.
"खातेत का याले?"
"नाही."
"बोलते का थो?"
"नाही."
"मंग?"
या 'मंग'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.
चिलर त्याला पंचवीस अंशांवर ठेवतो
आणि काढलेली सगळी उष्णता
आमच्या खोलीत फेकतो.
धंद्यातला माणूस मी, मला हे आधीच कळायला हवं होतं.

एका रात्री डीपी उडाली.
अख्खी गल्ली गच्चीवर, मी टॉर्च घेऊन खाली.
सत्तावीस. अठ्ठावीस.
गोळेवाल्या झिंगरूला उठवून बर्फ आणला,
बाटल्यांत भरून, बुचं घट्ट लावून
एकेक पाण्यात सोडली.
बॅटरीचा पंप खोकत होता.
साडेतीनला एकोणतीस.
त्याच्या एका हाताचं टोक पांढरं पडलं.

उचलून घ्यावं वाटलं. तसंच वाटतं ना आपल्याला,
दुखतंय त्याला उचलून घ्यावं.
पण डॉक्टरांनी बजावलं होतं,
त्याला हवेत काढायचं नाही, कधीच नाही.
म्हणून हात कोपरापर्यंत आत घातला
आणि त्याच्या बाजूला नुसता ठेवला.
बऱ्याच वेळाने मनगटाला काही लागलं,
केसाएवढे, चिकट, शेकडो पाय,
एकेक करून टेकत, सोडत, टेकत.
लाइट आली तेव्हा पाचचा भोंगा वाजत होता.

तो हात दोन दिवसांनी गळून पडला.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली,
पेटीपाशीच अडकली.
गळाल्या जागी मुगाच्या डाळीएवढं काहीतरी होतं.
"नवा हात," मी म्हणालो.
पोरांना खोटं वाटलं.
आज ती डाळ करंगळीच्या नखाएवढी आहे.

बुधवार बाजारातून कोळंबी सुगंधाच आणते.
नखाएवढा तुकडा काडीला लावून त्याच्या खाली सरकवते,
तो पोट बाहेर काढून जेवतो,
ती तोंड वाकडं करून पूर्ण बघते.
उरलेलं लगेच काढते, नाहीतर पाणी नासतं.
भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी
तिच्या अक्षरात रोज एक आकडा असतो:
एक पूर्णांक शून्य पंचवीस.
काल शेवटी चोवीस होतं,
खाली रेघ मारलेली,
आणि प्रश्नचिन्ह.