टीप क्रमांक एकतीस

सातवा अंक चौदा महिने रखडलाय.
संपादक मंडळ म्हणजे मी, रेवती तांडेल,
आणि पंतनगरच्या झेरॉक्सवाल्याची मागची खोली,
रात्री आठनंतर, शटर अर्धं खाली आल्यावर.
विद्यापीठ नाही, अनुदान नाही.
वर्गणीदार एकशे अठ्ठ्याऐंशी,
त्यातले नऊ वारले. त्यांचे अंक परत येत नाहीत,
म्हणजे कुणीतरी वाचत असावं.

लेख आहे चित्रकथांतल्या फुग्यांवर.
पात्रांच्या तोंडातून निघणारे, पांढरे, शेपटीवाले.
लेखिका म्हणते, बहात्तर ते एक्क्याऐंशी
सगळे एकाच हातचे.
समीक्षक क्रमांक दोन, ज्याचं नाव आम्ही गुप्त ठेवतो
आणि तो स्वतः गावभर सांगतो,
समासात लिहितो: पुरावा?

म्हणून विक्रोळी, कन्नमवार नगर,
चौथा मजला, लिफ्ट नाही.
दारात आधी चष्मा आला, मागून पुंडलिक धुरी.

"चित्रकाराचं नाव पहिल्या पानावर असायचं,
लेखकाचं त्याच्याखाली.
मी सगळ्या पानांवर होतो की.
पानाला दीड रुपया."
आधी अक्षरं, मग भोवती फुगा, ते म्हणाले,
फुगा आधी काढला की माणूस आत घुसमटतो.
ओरडला तर काटे,
मनातल्या मनात बोलला तर बुडबुडे.
आणि गप्प बसला तर?
"तर काय. त्याचे पैसे मिळत नसत."

पुरावा मागताना मला लाज वाटली.
मागितला.
त्यांनी विजेचं बिल उलटं केलं.
हात थरथरत होता, पेन टेकेपर्यंत.
मग नाही.

ळ.

डावा डोळा मिटलेला, उजवा टक्क उघडा.
पळा! मधला, काळोख मधला,
आता कळलं, खुनी कोण! मधला,
नऊ वर्षं पोरांना डोळा मारणारा
तोच ळ.

रेवतीनं बिल स्कॅन केलं.
मागच्या बाजूची थकबाकी पुसट उमटलीय,
काढू का, म्हणाली.
राहू दे म्हटलं, तारीख कळते त्यावरून.
क्रमांक दोनचं उत्तर काल आलं:
पुरावा ग्राह्य. टीप फार लांब.

जिन्याशी धुरींनी विचारलं होतं,
नाव छापणार ते लिहिणार कोण?
कॉम्प्युटर, मी म्हणालो.
ते जरा वेळ हवेत बोट फिरवत राहिले,
पुंडलिक, मग धुरी.
"बरंय," म्हणाले,
"ळ नाही त्यात."