कुठल्या बाजूनं

माझ्या मागच्या कुंपणाला लागून
सात हेक्टर झुडपं उरलीत.
एकीकडे फ्रीवे, एकीकडे टायरचं दुकान,
आणि उरलेल्या बाजूला आम्ही, विटांची घरं.
मंगळवारी हिरव्या झाकणाचा डबा बाहेर ठेवायचा,
पिवळ्या झाकणाचा एका आठवड्याआड.
काळाचं आमचं ज्ञान एवढंच.

फाटकाशी पालिकेचा फलक होता,
गोल चक्र, सहा फाका:
बिराक, बुनुरू, जेरान,
माकुरू, जिल्बा, कंबरांग.
बुनुरूचा रंग सगळ्यात आधी उडाला,
भर उन्हाचाच ऋतू तो.
मग कुणीतरी एका रात्री लायटर लावला.
आता नुसते दोन खांब,
आणि त्यांच्या बोटभर सावलीत
निळी जीभ दाखवणारा जाडा बॉबटेल.
पत्र आलं: नवा फलक पुढच्या आर्थिक वर्षात.
व्हर्ना आंटी इतकी हसली
की खुर्चीतून चिप्स सांडल्या.

शनिवारी तण उपटतो आम्ही.
मी, आणि बस चालवून निवृत्त झालेला दुशान.
गवत आफ्रिकेचं, चिवट,
माझ्या आजोबांसारखंच बोटीनं आलेलं,
आणि तसंच, आल्या दिवसापासून
ही जागा आपलीच समजणारं.
आंटी घडीच्या खुर्चीत. नवा गुडघा, शब्दकोडं.
मध्येच मान वर न करता म्हणते,
"कराक आले,"
आणि मग आम्हाला ऐकू येतं,
काळे काकाकुवे, मारीची बोंडं फोडणारे.

तुला हे सगळं लहानपणापासूनच ठाऊक ना, मी विचारलं.
तिनं पेन्सिल कानामागे खोचली.
"मिशनमध्ये वाढले मी.
तिथे एकच ऋतू, घंटेचा.
आपली भाषा तोंडात आली की वर साबण.
थोडं मावशीनं दिलं, चोरून,
ओल्या चादरींच्या आडोशाला.
बाकीचं साठीनंतर, ग्रंथालयात,
ह्याच फलकाच्या मीटिंगा करताना.
आणि जेरान तिथे चुकीचं लिहिलं होतं.
बहीण म्हणते बरोबर होतं.
तीन वर्षं आम्ही बोलत नाही."

मला काय बोलावं सुचेना.
मी गवताची एक जुडी उपटली, मुळासकट,
ते एक बरं जमलं.

गेल्या वर्षी महापौरांना बारा एप्रिलला वेळ होता,
म्हणून बारा एप्रिलला दोनशे रोपं लावली.
केक होता, फोटोग्राफर होता.
जमीन पिठासारखी कोरडी.
आंटी आली नाही. गुडघा, म्हणाली.
मे संपता संपता एकोणीस जिवंत,
त्यातली चार दुशान घरून
दुधाच्या कॅनमधून पाणी आणून जगवत होता,
कुणाला न सांगता.

यंदा पालिकेनं तिला फॉर्म पाठवला.
'लागवडीची अपेक्षित तारीख' ह्या रकान्यात
तिनं पेन्सिलीनं लिहिलं: थांबा.

काल रात्री भांडी घासत होते.
खिडकीची जाळी फाटलीय, रे गेल्यापासून तशीच.
ट्यूबलाइटभोवती आधी दोन, मग वीस,
मग मोजता येईनात:
पंख फुटलेल्या मुंग्या.
साबणाच्या पाण्यात पंख तरंगायला लागले,
पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखे.
भिंतीवर टायरच्या दुकानाचं कॅलेंडर,
त्यात रेच्या अक्षरात 'तेल बदलणे',
आणि आजच्या चौकोनात काहीच नाही.

हात पुसत फोन लावला.
आंटी, जेरान आला, मुंग्या आल्यात,
स्वयंपाकघरभर!
"मॅच चालू आहे," ती म्हणाली.
मागे लोकांचा गलका, शिट्टी.
मी ठेवणार, तेवढ्यात तिनं आवाज बारीक केला असावा,
कारण तिकडे एकदम शांत झालं.

"कुठल्या बाजूनं आल्या?"

मला माहीत नव्हतं.
एकतीस वर्षं ह्या खिडकीत उभी आहे मी.
"थांब," म्हटलं,
आणि टॉर्च शोधायला लागले.