पिग्मी

बँकेतली मुलगी म्हणाली, सहा टक्के, काका.
साठ पूर्ण झाली की अर्धा टक्का वाढवून मिळतो.
मला अजून दोन वर्षं आहेत.
अर्ध्या टक्क्यासाठी
म्हातारपणाची वाट बघणारा
मीच एकटा असेन अख्ख्या भवानी पेठेत.

पिशवीत दोन लाख चाळीस हजार.
टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षं घड्या घातल्या.
मालकानं कारखाना मोडला, हिशेब हातात ठेवला, रोख.

साडू म्हणतो, सोनं घे.
सोनं घरात आलं की
रात्री उंदराच्याही पायात बूट असतात.
शेजारी म्हणतो, भिशी.
मागच्या भिशीचा म्होरक्या
भाचीच्या लग्नाला म्हणून तेलंगणात गेला,
लग्न अजून उरकलं नाही.
चादरीच्या घडीत ठेवावं, तर
आईच्या घडीतल्या पाचशेच्या नोटा सापडल्या
त्या चालायच्या बंद झाल्यावर दोन वर्षांनी.
डांबरगोळ्यांचा वास येत होता त्यांना.
बहिणीची पोर त्यांनी दुकान-दुकान खेळली.

पतसंस्था हा शब्द मी घरात उच्चारत नाही.
एकोणीस वर्षं लुनावर फिरून
मीच गोळा केली पिग्मी,
दहा, वीस, कधी पाच,
पिवळ्या कार्डावर तारीख, आकडा, माझी सही.
मग एका सोमवारी शटरवर कागद चिकटवलेला
आणि समोर रस्त्यावर
माझ्या सगळ्या सह्या येऊन उभ्या.

तीन रात्री पिशवी उशाला घेऊन काढल्या.
चौथ्या दिवशी, मे महिन्याच्या उन्हात,
बस धरून विडी घरकुलात गेलो.
नरसम्मा चिप्पा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
बोटं चालूच. मान वर न करता म्हणाली,
"बस की. पाणी माठात आहे."

कार्ड तिनं जपलेलं.
अकरा हजार सहाशे चाळीस.
मी मोजून पुढं केले.
तिनं पान कातरलं, तंबाखू भरली,
दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं,
आणि मग म्हणाली,
"एकदम नको रे अंबादासा.
घरात एवढं दिसलं की थोरला नेतोय.
बँकेत टाकलं तर मेसेज येतोय, फोन त्याच्याकडंच.
जसं नेलंस तसं आण. रोज वीस.
तोवर तुझ्यापाशीच राहू दे."

माझ्यापाशी?

"मग? पळून कुठं जाणार तू.
लुनापण विकलीस."

बाकीचे पोस्टात टाकले.
व्याज किती ते विचारलं होतं, विसरलो.
आता रोज सकाळी सव्वानऊची बस.
वीसची नोट ती ओल्या पानांच्या फडक्याखाली सरकवते,
कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला
माझ्यासारखी वळणदार सही करायला बघते,
अर्ध्यात सोडते,
तंबाखूनं पिवळा झालेला अंगठा उठवते.

जाण्यायेण्याचं तिकीट तीस रुपये.
बायको म्हणते, हा कुठला हिशेब.

काल सुट्टे नव्हते, पन्नासची दिली.
तिनं कमरेची पिशवी सोडली,
दोनदा मोजून
तीस परत केले.