शिवणीपाशी उरलेली कड

केपटाउनच्या अभिलेखागारात पेन चालत नाही.
फक्त पेन्सिल, तीही त्यांनीच दिलेली, बोटभर उरलेली.
मी एल्साबे रूलांट, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त गणित-शिक्षिका.
चिठ्ठीवर कारण लिहिलं: घराणं.

आले होते द्राक्षांसाठी.
पहिली वेल कुणी लावली, कधी;
चुलतभाऊ खेरिटला बाटलीच्या लेबलावर साल हवं होतं.

साल मिळालं. १७९१.
याकोबस रूलांट वारला, आणि महिन्याभरात
दोन कारकुनांनी घर मोजलं, खोलीमागून खोली:
तांब्याची घंगाळं अकरा, एकाला चीर.
बंद पडलेलं घड्याळ.
बेचाळीस पिंपं वाइन, त्यांतली सहा आंबलेली.
मग कोठारामागे
सप्टेंबर, बंगालचा, वय सुमारे तीस.
दीना, इथलीच, अंगावर पिणाऱ्या मुलासह.
मुलाची वेगळी किंमत धरलेली नाही.

अक्षर सुरेख होतं.
असंच अक्षर काढा म्हणून
चाळीस वर्षं मी मुलांच्या पाठीस लागले.

आमच्या घरात बैलांची नावं पाठ आहेत.
डोंगर ओलांडून गेलेली जोडी, ब्लॉम आणि वित्फूट.
आजोबा जेवताना सांगायचे,
ब्लॉम कुठल्या वळणावर बसला, पाऊस कसा होता,
आणि त्याला उठवायला चिखलात उतरला
एक गडी.

गावात टपाल वाटायचा म्हातारा ऑक्टोबर.
आम्ही पोरं मागून ओरडायचो,
ऑक्टोबर, नोव्हेंबर कधी येणार?
तो हसायचा. की नुसते दात दिसायचे,
आता सांगता येत नाही.
जहाज ज्या महिन्यात लागलं
तो महिना माणसाच्या कपाळी.
आईनं हाक मारायची ते नाव
त्या बंदरातच कुठेतरी.

खेरिट म्हणाला, काळच तसा होता गं.
त्याच्या मळ्यावर आता लग्नं लागतात.
पांढऱ्या कमानीत घंटा आहे,
नवरीनं दोर ओढला की फोटो.
ती कुणाला उठवायला वाजायची, त्याला माहीत आहे.
मलाही होतं.
म्हणजे, माहीत नाही असं आमच्यात कुणी कधी म्हटलं नव्हतं.

शेवटी झेरॉक्स घेऊन नदीपलीकडे गेले,
राखेल सप्टेंबरकडे. शिवणयंत्रं दुरुस्त करते.
तिनं चष्मासुद्धा लावला नाही.
"हे आहे माझ्याकडे. अठ्ठ्याण्णवपासून.
फ्रीजवर लावलं होतं. नातवंडं विचारायला लागली
तेव्हा काढलं."

चहा दिला.
घोकून आणलेलं माझं माफीचं वाक्य
तिनं ऐकून घेतलं, गिऱ्हाईकाचं ऐकावं तसं,
मशीन नेमकं कुठे अडतं ते.
मग म्हणाली,
"ते मूल. अंगावरचं.
जन्म बायबलात टिपायचे ना, मागच्या कोऱ्या पानांवर?
तुमचे. आमचेही.
बायबल तुमच्याकडेच असेल."

आहे.
पितळी कड्यांचं, मांडीवर घेतलं तर पाय बधिर होतात.
सरकारनं माणसांच्या रंगाची नोंदवही उघडली
त्या वर्षी बाबांनी शेवटचं पान
दाढीच्या पात्यानं कापलं.
मी सात वर्षांची, दारात.
काय करताय?
वाळवी लागलीये, म्हणाले.
त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता.
इतक्या सरळ रेषेत खाणारी वाळवी!
आणि मी जन्मभर भूमिती शिकवली.

काल रात्री भिंग घेऊन बसले.
शिवणीपाशी कड उरली आहे, नखाएवढी रुंद.
तिच्यावर ओळींची सुरुवात,
कुठे एक अक्षर, कुठे अर्धं.
दुसरीवर द. त्याच्याखाली, त्याच शाईत, त्याच हातचा
य.
आमच्याकडे थोरल्याचं नाव
यनंच सुरू होतं.

राखेलला फोन केला.
एक अक्षर आहे, म्हटलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही, मागे एक मशीन चालू होतं.
मग, "घेऊन या."

पिशवीत मावत नाही.
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलंय, दाराशी.