शेहेचाळीस किलो

काट्यावर आधी इमरत चढला, मग मी.
दोघांचेही शेहेचाळीस.
नर्सने दोन्ही कार्डांवर तोच आकडा लिहिला
आणि दोन तळव्यांवर ठेवल्या
तीन-तीन विटकरी गोळ्या.

तो खाणीत दगड फोडायचा, धूळ खाऊन झालेला.
मी लष्करात गजकच्या दुकानात तराजू धरतो.
तीस वर्षं वजनावरच जेवलो,
तेव्हा मला हे रास्तच वाटलं.

पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली.
इमरत म्हणाला, "पंडितजी, होली आ गई."
तेवढीच काय ती आमची बरोबरी.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या तळपायांना मुंग्या,
चप्पल निसटलेली घरी येऊन कळायची.
मग गुळाचा वास नकोसा झाला,
डोळ्यांत हळद उतरली.
डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या. म्हणाल्या,
"तुमचं यकृत औषध सावकाश मोडत असणार.
असतात अशी माणसं. ती तपासणी इथे होत नाही,
पण अंदाज आहे माझा."

म्हणजे सकाळची गोळी
रात्री दोनलाही माझ्या रक्तात पाय पसरून बसलेली,
उठा म्हणायची सोय नसलेली पाहुणी.

आमचे कोणी काटदरे फौजेमागून कोकणातून इथे आले.
काय काय आणलं ते घरात तोंडपाठ आहे:
देवांचा संपुष्ट, सहाण, एक पितळी अडकित्ता.
ही संथपणाची पुरचुंडी
कुणी यादीत लिहिली नाही.

आणि इमरत?
दोन महिन्यांनी त्याच्या थुंकीत जंतू तसेच.
"गोळ्या फेकतोस ना?" नर्सने विचारलं.
बायकोनं घरी खिसे उलटे केले.
कार्डावर एक खाडा नाही.
मी बाकावर शेजारी बसून त्याचा कंठमणी
तीनदा वर-खाली होताना पाहिलाय.
त्याच्याकडे बहुधा ती दुपारीच पाणी पिऊन उठते,
काम अर्धं टाकून.

दुकानात तीळ तोच, गूळ तोच, मोजून.
तरी एक घाणी कडक येते, एक दाताला चिकटते.
म्हणून आमचा हलवाई काट्याकडे बघतच नाही,
दोन बोटांत पाक ओढून
तार बघतो.
हे मला इतकी वर्षं समोर दिसत होतं.

माझ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, एकेक करून,
सोबत मुंग्यांसाठी एक बारकी, पांढरी.
इमरतचा नमुना मोठ्या तपासणीला गेलाय.
अहवाल यायचाय.

आज पुन्हा वजन झालं.
मी सत्तेचाळीस, तो त्रेचाळीस.
नर्सने भिंतीवरचा तक्ता पाहिला,
बोट एकाच रकान्यावर टेकवलं.
तीन त्याला.
तीन मला.