हप्त्याची रंगीत तालीम

चोवीस वर्षं अमळनेर डेपोत
माझ्या हातातलं स्टिअरिंग सरकारचं.
धुळे, पारोळा, चोपडा, मुक्कामी शिरपूर.
घरच्यांना कुठं नेलं असेल तर तेही लाल गाडीतून,
पासावर, मागच्या सीटवर, उडत उडत.

मे महिन्यात जळगावच्या हायवेला
शोरूमच्या गारव्यात आम्ही जरा जास्तच बसलो.
पोरगा चांगला होता, पाणी दिलं, सरबत दिलं,
म्हणाला, काका, फक्त अकरा हजार दोनशे ऐंशी.
तो 'फक्त' त्यानं असा ठेवला
जसा ताटात पापड.

रत्नप्रभानं पिशवीतून ब्लाऊजचं पावतीबुक काढलं.
छाती, बाही, गळा लिहिलेल्या कागदामागं
अकरा हजार दोनशे ऐंशी गुणिले चौऱ्याऐंशी.
शिलाईच्या खडूनंच, कारण पेन मिळेना.
अडीच लाख वर जात होते, वर आणखी सात हजार.
पोराकडं बघून हसली, सरबताचा ग्लास ठेवला,
आणि बाहेर उन्हात आल्यावर म्हणाली,
"हाई गाडी बँकनी शे.
आपन नुसता डायवर."

मला लागलं ते.

मग तिनं काढली टूम.
पोस्टात बचतखातं, दर पाच तारखेला
तेवढेच अकरा हजार दोनशे ऐंशी भरायचे,
गाडी नसताना गाडीचा हप्ता.
दोन वर्षं. जमलं तर बघू.
मी म्हटलं, नाटक आहे का हे?
म्हणाली, नाटकाची तालीमच.

जून जमला, जुलै जमला.
ऑगस्टमध्ये भूषणच्या क्लासची फी, जमले सहा हजार.
दिवाळीचा बोनस आला तो वाटेतच संपला.
लग्नसराईत तिची मशीन रात्री एकपर्यंत चालायची
तेव्हा दोन महिने बरोबर पूर्ण.
मग धाकटीची दाढ, मग संडासाची टाकी,
मग माझा पगार बारा दिवस उशिरा.
चोवीसपैकी सात महिने आम्ही नापास.
पासबुकात ते सात आकडे आखूड,
बाकीच्यांमध्ये उघडे पडल्यासारखे.
सात वेळा दारात बँकेचा माणूस आला असता.
आला नाही, कारण बँक रत्नप्रभाच होती,
आणि ती दंड लावायची तो एवढाच,
की त्या महिन्यात बाहेरचा चहा बंद.

दोन लाख एकतीस जमले.
शोरूममध्ये आधी भरणार होतो तो लाख वेगळा.

भुसावळला रेल्वेतले निवृत्त गार्ड, लोबो साहेब.
एकच मालक, गाडीवर खोळ, आत डांबरगोळ्यांचा वास.
अस्लम मिस्त्रीनं दारांवर चुंबक फिरवलं,
कुठं लांबी भरली आहे का ते बघितलं,
बॉनेटवर कान ठेवला, जसा डॉक्टर,
थंड इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करायला लावलं.
म्हणाला, क्लच सहा महिने, टायर पुढचे दोन, बाकी निर्धास्त.
आरसीवर बोजा नाही, हे रत्नप्रभानं तीनदा वाचलं.
दोन लाख नव्वदला सौदा.
लोबो साहेबांनी किल्ली देताना
हिरवी झेंडी दाखवावी तसा हात हलवला.

येताना धरणगावच्या पुढे केळीच्या बागा,
दोन्ही बाजूंनी काचेला टेकल्यासारख्या.
पोरं मागं झोपलेली.
फाटकाला थांबलो, रेल्वे गेली, फाटक उघडलं,
आणि मी हललोच नाही.
मागं हॉर्न वाजायला लागले.
चोवीस वर्षांची सवय, बेल पडल्याशिवाय पाय सुटत नाही.
तिनं बघितलं माझ्याकडं. कळलं तिला.
डॅशबोर्डवर अंगठीनं दोनदा टकटक केलं.

आता गल्लीत जो भेटेल तो विचारतो,
"हप्ता कितला शे भो?"
नाही म्हटलं तर वाटतं, लपवतोय.
एकाला तर मी वैतागून आकडाच सांगितला, अकरा हजार.
तो समाधानानं गेला.

आणि पाच तारखेला बघतो तर
रत्नप्रभा पासबुक घेऊन निघालेली.
आता कशाला, म्हटलं.
"टायर," म्हणाली, चप्पल घालता घालता.